दगडातली ढाल: वाचायची कशी आणि कोरायची कशी

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये लोक शिरतात आणि मान वर करतात. समोरची सोन्याने मढवलेली वेदी बघण्यासारखीच आहे. पण ज्याला ढाल कोरायला शिकायची आहे त्यानं तिथे आधी खाली बघावं. पायाखालची जमीन थडग्यांच्या शिळांची आहे आणि कित्येक शिळांवर एकेक ढाल कोरलेली आहे: वर शिरस्त्राण, दोन्ही बाजूंना सुटलेली पानं, खाली अक्षरं. पोर्तुगीज याला ब्राझांव म्हणत, आपण कुलचिन्ह म्हणू.

माझे वडील फोंडा भागातल्या देवळांसाठी मखरं, पालख्या आणि लाकडी खांब कोरायचे. मी आल्तिनोच्या कला महाविद्यालयात शिल्पकला शिकलो. पण ढालीची ओढ लागली ती त्या जमिनीवर उकिडवं बसून शिळा बघताना. गेली तीस वर्षं मी देवांच्या प्रभावळीही कोरतो आणि माणसांच्या ढालीही. जुनी घरं दुरुस्त करणारे, कपेलांची, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरांची, देखभाल करणारे, शाळा, क्लब अशांची कामं येतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी जे सांगतो तेच इथे लिहितो आहे.

आधी वाचायला शिका

वीरगळ वाचता येत असेल तर तुमचं अर्धं काम झालं. चर्चला लागून असलेल्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात कदंबकाळातले वीरगळ आहेत, तिथूनच सुरुवात करा. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाला लढाई, मधे वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. क्रम कळला की गोष्ट कळते. ढालीलाही असाच क्रम आहे. आधी जमीन, म्हणजे ढालीचा पृष्ठभाग, कोणत्या रंगाची आणि किती भागांत वाटलेली. मग तिच्यावरचं मुख्य चिन्ह. मग चिन्हाभोवतीची किनार. आणि सगळ्यात शेवटी ढालीबाहेरचं शिरस्त्राण, पानं, मुकुट. नवशिका शिरस्त्राणापासून सुरू करतो, कारण ते मोठं आणि देखणं असतं. तसं करू नका. घराण्याची ओळख ढालीच्या आत आहे.

दुसरा नियम मी मुलांकडून पाठच करून घेतो. ढालीचं उजवं-डावं बघणाऱ्याचं नसतं, ढाल धरणाऱ्याचं असतं. ती छातीशी धरून कोणी तुमच्यासमोर उभा आहे असं समजा. त्याचा उजवा हात तुमच्या डावीकडे येतो, आणि मानाची बाजू तीच. सिंह असेल तर त्याचं तोंड तिकडे, म्हणजे तुमच्या डावीकडे असायला हवं.

हा नियम मला नीट उमजला तो एका चुकीनंतर. साष्टीतल्या एका जुन्या घरासाठी पितळी ढाल ओतायची होती आणि मी लाकडी नमुना कोरून देणार होतो. साच्यात आकृती उलटेल, असं धरून मी सिंह मुद्दाम उलटा कोरला. पण वाळूत नमुना दाबला की ठसा उलटा उठतो आणि त्यात धातू ओतला की आकृती पुन्हा सुलट होते, म्हणजे ओतीव काम नमुन्यासारखंच निघतं. ढाल तयार होऊन आली तेव्हा त्या घराण्याचा सिंह मानाच्या बाजूला पाठ करून उभा होता. घरातल्या वडीलधाऱ्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. मी नमुना नव्यानं कोरला आणि ओतकाम पुन्हा माझ्या खर्चानं करून दिलं. तेव्हापासून कुठल्याही कागदावर पहिली रेघ मारायच्या आधी मी वरच्या डाव्या कोपऱ्यात ‘उजवा हात’ असं लिहितो. तुम्हीही लिहा.

दगडात रंग कसा दिसतो

दगड एकरंगी, आणि ढालीचा तर प्राण रंगात. सोनं आणि चांदी हे दोन धातू. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको, हा जुना नियम. लढाईत दुरून ओळख पटायला हवी, म्हणून तो आला. निळ्यावर काळं दुरून दिसत नाही, सोनेरीवर काळं दिसतं.

१६३८ मध्ये सिल्वेस्टर पेत्रा सांक्ता या इटालियन जेझुइट पाद्रीनं छापील पुस्तकात रेघा आणि ठिपक्यांनी रंग दाखवायची रीत मांडली, आणि पुढे तीच जगभर रुळली. माझी आठवणीची खूण अशी. सोनं म्हणजे ठिपके, बोरमाळेचे मणी. चांदी म्हणजे कोरी जागा. लाल म्हणजे उभ्या रेघा, समईच्या ज्योतीसारख्या. निळा म्हणजे आडव्या रेघा, मिरामारच्या किनाऱ्यावर उभं राहून दिसणाऱ्या क्षितिजासारख्या. काळा म्हणजे उभ्या-आडव्यांची जाळी. हिरव्याच्या रेघा तिरप्या, तुमच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे उतरणाऱ्या. जांभळ्याच्या त्याच्या उलट.

पण १६३८ च्या आधीच्या शिळेवर या रेघा शोधत बसू नका. नंतरच्याही पुष्कळ शिळांवर त्या नाहीत. अशा वेळी मी संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर जातो. तिथे पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची चित्रं ओळीनं लावली आहेत. ही मालिका १५४७ मध्ये दों जुआंव द कास्त्रोनं सुरू करवली. चित्रांत माणसाशेजारी त्याची ढाल रंगवलेली आहे. खाली शिळेवर एखादं चिन्ह दिसलं की वर जाऊन त्याचे रंग ताडून बघा. कास्त्रोंच्या एका शाखेचे चांदीवर सहा निळे गोल. आल्बुकेर्कांची पाच सोनेरी कमळफुलं तांबड्या जमिनीवर, आणि सोबत राजघराण्याची ढाल, चार भागांत वाटून गुंफलेली. सिल्वांचा चांदीवरचा जांभळा सिंह. मास्कारेन्यासांचे तांबड्यावर तीन सोनेरी आडवे पट्टे. कुतिन्यूंच्या सोन्यावर पाच तांबड्या चांदण्या. इतकी पाच घराणी डोळ्यांत बसली की पुढची आपोआप सुटायला लागतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. आडनाव सिल्वा किंवा आल्बुकेर्क आहे म्हणून ती ढाल आपली होत नाही. गोव्यात धर्मांतराच्या वेळी पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळालेली असंख्य कुटुंबं आहेत. ढाल आडनावाची नसते, ठरावीक माणसाला आणि त्याच्या वंशाला दिलेली असते. कोणी फक्त आडनाव सांगून ढाल मागायला आलं तर मी घरातले जुने कागद आणायला सांगतो. कागद नसतील तर नवं चिन्ह रचून देतो. उसनी ढाल मी कोरत नाही.

राजाची ढाल मात्र सगळ्यांनी ओळखायला हवी. मधे पाच छोट्या निळ्या ढाली, क्रूसाच्या आकारात मांडलेल्या. प्रत्येकीवर पाच पांढरे ठिपके, फाशावरच्या पाचासारखे. भोवती तांबडी किनार आणि तिच्यात सोनेरी किल्ले. दोन बाजूंच्या छोट्या ढाली पूर्वी आडव्या पडलेल्या असायच्या, १४८५ मध्ये राजा दुसऱ्या जुआंवनं त्या उभ्या केल्या. हे कालनिर्णयाला उपयोगी पडतं. किल्ल्यांची संख्या पुढे सातावर स्थिरावली. जुन्या कामात कमी-जास्त दिसतात, म्हणून मोजायचे. सेंट फ्रान्सिसचं प्रवेशद्वारही बघा. आजचं चर्च १६६१ चं, पण काळसर दगडाचा हा दरवाजा त्याआधीच्या, १५२१ मधल्या चर्चमधून राखलेला आहे. त्यावर कड्यांचे गोल आहेत. खलाशांचं आकाश मोजायचं ते यंत्र, आणि राजा मानुएलची ती खूण.

गोव्याची स्वतःची खूण म्हणजे चाक. २५ नोव्हेंबर १५१०, संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी आल्बुकेर्कनं शहर घेतलं, आणि त्या संतिणीच्या छळाचं चाक शहराच्या माथी आलं. जिंकणाऱ्याची खूण आहे ती, हे मी विसरत नाही. त्याच्या चारशे वर्षं आधीपासून या भूमीवर कदंबांचा सिंह उभा होता. आज तो कदंब महामंडळाच्या बसवर रोज धावतो. मुलांना पहिला सिंह मी तोच काढायला लावतो.

पाद्रींच्या ढालीवर शिरस्त्राण नसतं, रुंद काठाची टोपी आणि तिचे गोंडे असतात. गोंडे मोजा: आजच्या रीतीनं बिशपला एकेका बाजूला सहा, आर्चबिशपला दहा, दोन्ही हिरवे, कार्डिनलला पंधरा, तांबडे.

अक्षरांत ‘आकी जाझ’ दिसलं तर ‘इथे निजला आहे’, आणि ‘सेपुल्तूरा’ म्हणजे थडगं. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो, दोन अक्षरं एकमेकांत अडकवलेली असतात, तेवढं सांभाळा.

शिळेवर खडू घासू नका, पाणी ओतू नका, कागद लावून ठसाही घेऊ नका. ही संरक्षित वास्तू आहे, ठशाला परवानगी लागते, आणि झिजलेल्या दगडाला आपल्या घासण्याची भर नको. चर्चचं दार पश्चिमेला आहे, म्हणून दुपार कलल्यावर जा. दारातून आडवं ऊन येतं तेव्हा झिजलेला सिंहही उठून दिसतो. नाहीतर सोबत्याला छोटी बॅटरी जमिनीलगत धरायला सांगा आणि वहीत रेखाटन करा. फोटोपेक्षा रेखाटन जास्त शिकवतं, कारण हाताला प्रत्येक रेघ ठरवावी लागते.

आता कोरायला घ्या

ढालीचं मूळ चित्रात नसतं, शब्दांत असतं. ‘चांदीवर जांभळा सिंह, मागच्या पायांवर उभा’ एवढंच सांगितलेलं असतं. शेपूट किती वळवायची, आयाळ कशी, जीभ किती बाहेर, हे कोरणाऱ्याचं. म्हणून जुन्या ढालीची हुबेहूब नक्कल करत बसू नका. आधी शब्द लिहून काढा, मग त्यावरून आपलं चित्र काढा. चिन्ह ढालीला भरून राहिलं पाहिजे. सिंहाचे पंजे जवळजवळ कडेला टेकले पाहिजेत. मोठ्या ढालीच्या मधोमध छोटा सिंह म्हणजे रिकाम्या ताटातला एकच घास.

पहिली ढाल मऊ दगडात करा, शंखजिऱ्याच्या जातीचा, नखानं ओरखडा उठेल असा. एक फूट रुंद, सव्वा फूट उंच, दोन इंच जाड तुकडा पुरे. गोव्याचा चिरा, म्हणजे जांभा दगड, घेऊ नका. जांभा भिंतीला उत्तम, पण त्याच्या भोकांत सिंहाचा पंजा हरवतो. म्हणूनच जुन्या गोव्यात भिंती चिऱ्याच्या आणि बारीक नक्षी काळ्या दगडाची असं दिसतं. बॉम जेझस चर्चचा दर्शनी भाग बघा. हात बसला की मूर्तींचा काळा पाषाण घ्या.

चित्र दगडावर उतरवलं की आधी बाहेरची रेघ टाकीनं धरा, मग जमीन साधारण अर्धा इंच खाली घ्या. टाकी तिरपी धरा. सरळ मारली तर दगड चिन्हाच्या आत फुटतो. जमीन सपाट झाल्याशिवाय सिंहाच्या अंगाला हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. मग छिन्नीनं सिंहाचे थर पाडा: सगळ्यात उंच खांदा आणि मांडी, त्याखाली डोकं, शेवटी शेपूट. दगड ओला ठेवा, तोंडाला मास्क आणि डोळ्याला चष्मा लावा. माझे वडील लाकडात होते म्हणून वाचले. दगडाच्या धुळीनं छाती गेलेले पाथरवट मी पाहिले आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ढाल कुठे लागणार ते कोरायच्या आधी जाऊन बघा. गोव्यात दुपारचं ऊन डोक्यावरून येतं. भिंतीवरच्या आडव्या कडांखाली सावली पडते, उभ्या कडा मात्र बुजून जातात. तेव्हा उभ्या कडांच्या शेजारची जमीन थोडी जास्त खोल घ्या. रेघांनाही तेच लागू: निळ्याच्या आडव्या रेघा दुपारी आपोआप दिसतात, लालाच्या उभ्या दिसत नाहीत, म्हणून त्या रुंद आणि खोल खणा. छापील पुस्तकांतून हे मला कळलं नाही, दुपारभर भिंतीसमोर उभं राहिल्यावर कळलं.

शेवटी पाऊस. चिन्हाच्या वरच्या प्रत्येक कडेला बाहेरच्या बाजूनं उतार द्या. ठिपके, पंजाखालची खाच, मुकुटाच्या पाकळ्या, पाणी साठेल अशी एकही वाटी ठेवू नका. साठलेल्या पाण्यात शेवाळ धरतं आणि दोन पावसाळ्यांत सोन्याचे ठिपके हिरवे होतात. ढाल भिंतीत बसवण्याआधी अंगणात उभी करून वरून तांब्याभर पाणी सोडा आणि ते कुठे थांबतं ते बघा. थांबलं तिथे खडूनं खूण करा आणि पुन्हा छिन्नी घ्या. साष्टीतल्या त्या घरासाठी पुढे मी दगडाचीही एक ढाल केली, तेव्हा ही खूण मला सात ठिकाणी करावी लागली. जूनच्या पहिल्या सरीला मी मुद्दाम तिथे गेलो. त्याच बाई छत्री धरून माझ्याबरोबर अंगणात उभ्या राहिल्या, आणि सिंहाच्या आयाळीवरून पाणी कुठेही न थांबता खाली उतरत होतं.