कुणालाही न दाखवायची वही : बडोद्यात स्केचबुक ठेवायचं कसं

सगळ्यात आधी, महागडं स्केचबुक घेऊ नका. चामडी पुठ्ठ्याची, जाड हातकागदाची वही घरी आली की तिच्यात रेघ ओढायची छातीच होत नाही, ती कपाटात जाऊन बसते. ए-५ आकाराची, शिवलेल्या बांधणीची साधी वही घ्या. नुसतं पेन चालवायचं असेल तर १०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) कागद पुरतो. जलरंगांचा विचार असेल तर किमान २०० चा घ्या, नाहीतर कागद फुगतो आणि रंग मागच्या पानावर उतरतो. स्पायरल वहीचा एकच तोटा, तिचं पान फाडणं फार सोपं असतं. आणि पान फाडायचं नाही, एवढा एकच नियम मी या वहीला लावेन.

पहिलं पान मुद्दाम घाण करा. चहाच्या कपाचा गोल डाग, पेन चालतंय का बघायच्या गिरगोट्या, वाण्याची यादी, काहीही चालेल. कोऱ्या वहीचा धाक तिथेच संपतो.

आता खोडरबर घरी ठेवा आणि बॉलपेन खिशात टाका. पेन्सिल हातात असली की माणूस दुरुस्त्या करत बसतो. पेनाची चुकलेली रेघ जात नाही, तिच्या शेजारी दुसरी ओढावी लागते, आणि त्या दोन रेघांमुळेच चित्र जरा हलल्यासारखं वाटतं. पावसाळ्यात जेल पेन टाळा, ओल्या बोटानेही शाई पसरते.

हात मोकळा व्हायला एक जुना सराव आहे. जुन्या शहरातल्या मांडवी या कमानींच्या इमारतीसमोर एखाद्या ओट्यावर बसा. नजर इमारतीवर ठेवा, कागदाकडे बघू नका, पेन उचलू नका, आणि कमानीच्या कडेकडेने रेघ फिरवत जा. दोन-तीन मिनिटांत थांबा. मांडवी वाकडी येणार, कमानी एकमेकींत घुसणार. येऊ दे. या वेळी बघायला शिकायचं असतं, चित्र जमवायचं नसतं.

काय काढायचं, हा प्रश्न बडोद्यात तरी पडू नये. इथे १९५० पासून फाइन आर्ट्स फॅकल्टी आहे, त्यामुळे रस्त्यात चित्र काढत बसलेल्याला कुणी वेड्यात काढत नाही. पण त्याच फॅकल्टीमुळे आपल्या मराठी घरांत ‘चित्रं काढणं हे तिकडच्यांचं काम’ अशी एक समजूतही आहे. ती मला पटत नाही. चित्रकार भूपेन खख्खर पेशाने चार्टर्ड अकाउंटंट होते. १९६० च्या दशकात ते बडोद्यात आले, हिशेबाचं काम करत राहिले, आणि चित्रांत घड्याळं दुरुस्त करणारा, न्हावी अशी माणसं आणली. म्हणजे आपल्या गल्लीत रोज दिसणारीच!

खंडेराव मार्केटला सकाळी जा. आधी न हलणारं काढा: टोपल्या, वजनं, फुलांचे ढीग. माणसं नंतर त्यात बसवता येतात. कुणीतरी डोकावून “शुं दोरो छो?” (काय काढताय?) विचारेलच. “बस, टाइमपास, काका,” म्हणा आणि पेन चालू ठेवा.

अनोळखी माणसाने डोकावलं तर काही बिघडत नाही. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र पानाचा फोटो टाकू नका. एकदा आत्याचं “वा, छान!” आलं की पुढचं पान आत्यासाठी काढलं जातं. ऑफिसातल्या साहेबाला गाढवाचे कान लावायचे असतील, किंवा रागाच्या भरात अख्खं पान काळं करायचं असेल, तर ते याच वहीत व्हायला हवं. बघणारं कुणी आहे म्हटलं की हात ते करत नाही. चित्राशेजारी चार शब्द लिहायला हरकत नाही. मराठीत गुजराती मिसळलं तरी मिसळू द्या, आपण बोलतो तसंच.

हलती माणसं काढायची सर्वांत चांगली शाळा म्हणजे नवरात्रातला गरबा. हे ऐकून लोक हसतात, पण बघा: पावलं ठरलेली असतात, म्हणून तीच वाकलेली पाठ, तोच वर गेलेला हात थोड्या वेळाने पुन्हा समोर येतो. एका पानावर पाच-सहा आकृत्या एकदम सुरू करा. ती लकब आली की त्या आकृतीत एक रेघ घाला, पुढची लकब आली की पुढच्या आकृतीत. चेहरे सोडून द्या, घागऱ्याचा घेर आणि पायांवरचा भार पकडा.

काहीच सुचत नसेल तेव्हा तांबेकर वाड्यात जा. तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या भित्तिचित्रांमधली एखादीच आकृती उतरवून आणा.

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि जागा टाका. वही भरली की पाठीवर महिना-वर्ष लिहून बाजूला ठेवा, लगेच चाळू नका. काही महिन्यांनी उघडा आणि पुन्हा पुन्हा आलेल्या गोष्टी शोधा. जिने असतील, दारातल्या चपला असतील, झोपलेली कुत्री असतील. पुढच्या वहीत त्यांना जास्त पानं द्या.