संगीत-छायाचित्रकाराचे स्मरण कसे करावे

रॉक व लोकसंगीतातील कलावंतांची छायाचित्रे टिपणारे अमेरिकन छायाचित्रकार जिम मार्शल (१९३६–२०१०) यांचे स्मरण नाशिकमध्ये करायचे असल्यास गंगापूर रोडवरील कुसुमाग्रज स्मारकासारखी जागा पाहावी आणि प्रदर्शनासाठी त्यांची मोजकीच दहा-बारा छायाचित्रे निवडावीत. भारतीय कायद्यानुसार छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे, म्हणजे येथे २०७० अखेरपर्यंत, टिकत असल्याने हक्कधारकांची लेखी परवानगी आधी घ्यावी; इंटरनेटवरून उतरवलेली प्रत छापली, तर परवानगीचा प्रश्न राहतोच, शिवाय कृष्णधवल चित्रातील काळोखाचे बारकावेही हरवतात. १९६९ साली कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात मधले बोट दाखवणाऱ्या (पाश्चात्त्यांत ही अश्लील खूण) गायक जॉनी कॅश यांचे मार्शल यांनी टिपलेले चित्र सहकुटुंब येणाऱ्या प्रेक्षकांसमोर लावावे का, असा प्रश्न पडेल. माझ्या मते लावावे, कारण कलावंत या छायाचित्रकारासमोर किती मोकळे होत, हे त्यातच दिसते. प्रदर्शनात या कलावंतांची गाणी मात्र हळू आवाजात वाजवावीत.