ठेक्यातला पगार महिनाअखेरपर्यंत पुरवायचा कसा

चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड, बुटीबोरी, एमआयडीसी कुठलीही असो, ठेक्यात लागलेल्या माणसाला काटकसरीचे सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. चहा कमी करा, बाहेरचं खाऊ नका, वगैरे. त्यातून महिन्याला चार-पाचशे सुटतात. पगाराच्या स्लिपवर मात्र हजार-दोन हजार सहज गळतात आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. म्हणून आधी स्लिप बघू, स्वयंपाकघर नंतर.

लागण्याआधी तीन प्रश्न

ठेकेदाराचा माणूस गेटवर "अठरा हजार पगार" म्हणतो. लगेच विचारायचं: किती तासांचे, किती दिवसांचे आणि हातात किती? अठरा हजार बहुतेक वेळा 12 तासांच्या ड्युटीचे असतात. 26 दिवस रोज 12 तास म्हणजे 312 तास, तासाला सुमारे 58 रुपये. शेजारच्या कंपनीत 8 तासांना 15,000 मिळत असतील तर 208 तासांना ते तासाला 72 रुपये पडतात. आकडा लहान, पण काम तेच फायद्याचं.

दुसरी मेख भागाकारात असते. महिन्याचा पगार 26 ने भागून रोज काढला तर 15,000 चे 577 रुपये होतात. काही ठिकाणी 30 ने भागून 500 रुपये रोज लावतात आणि रविवारचे मात्र देत नाहीत. एकही खाडा न करता 26 दिवस भरले तरी हातात 13,000 चाच हिशेब येतो. 30 ने भागायचं असेल तर साप्ताहिक सुट्टीचेही पैसे मिळायला हवेत. दोन्हीकडून कात्री चालत नाही.

किमान वेतनही एकदा तपासून घ्या. महाराष्ट्रात ते उद्योग, परिमंडळ आणि कुशल-अर्धकुशल-अकुशल अशा वर्गवारीप्रमाणे ठरतं. मूळ दरावर विशेष भत्ता असतो आणि तो जानेवारीत आणि जुलैत बदलतो. जुलैचा पगार जूनइतकाच आला आणि तुम्ही किमान वेतनाच्या काठावर असाल, तर भत्त्याबद्दल विचारायला हवं.

स्लिप ओळीने वाचायची

समजा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 13,000, घरभाडे भत्ता 650, इतर भत्ता 1,350, एकूण 15,000. कटिंग साधारण असं दिसायला हवं:

पीएफ (भविष्य निर्वाह निधी), 13,000 च्या 12 टक्के: 1,560
ईएसआय (कामगार राज्य विमा), 15,000 च्या 0.75 टक्के: 113
व्यवसाय कर: 200
कॅन्टीन, रोजचे 10 धरून: 260
हातात: 12,867

व्यवसाय कर फेब्रुवारीत 300 असतो, तेव्हा त्या महिन्यात शंभर कमी आले म्हणून भांडायला जाऊ नका. महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर हा कर नाही, तरीही कापला जात असेल तर मात्र जरूर भांडा. कामगार कल्याण निधीचे 25 रुपये जून आणि डिसेंबरमध्येच कापतात.

पीएफच्या ओळीवर सगळ्यात जास्त नजर ठेवायची. तुमच्याकडून 12 टक्के कापायचे, तेवढाच वाटा मालकाने वरून घालायचा. काही ठेकेदार दोन्ही वाटे कामगाराच्याच पगारातून काढतात आणि "सीटीसीत (म्हणजे कंपनीच्या एकूण खर्चात) धरलंय" म्हणतात. ठरलेल्या पगारातून मालकाचा वाटा कापणं बेकायदेशीर आहे. ईएसआयचंही तसंच. मालकाचे 3.25 टक्के तुमच्या स्लिपवर कटिंग म्हणून दिसता कामा नयेत.

बेसिक मुद्दाम लहान ठेवून बाकीचा पगार भत्त्यांत पसरवायची जुनी युक्ती आहे, त्याने पीएफ कमी भरावा लागतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत भत्ते निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असं आहे.

ओटीचा हिशेब

ओव्हरटाइमला दुप्पट दर हा कायदा आहे, कंपनीची मेहेरबानी नाही. तरी "आमच्याकडे ओटी सिंगलने" असं सर्रास सांगतात. वरच्याच उदाहरणात तासाला 72 रुपये पडतात. महिन्यात 12 दिवस दोन-दोन तास थांबलात तर 24 तास होतात. सिंगलने 1,731 रुपये, डबलने 3,462. मधला फरक बरोबर तीन दिवसांच्या हजेरीएवढा.

स्लिपवर ओटीचा रकाना रिकामा आणि पैसे "इन्सेंटिव्ह" नावाने आले, की तास किती धरले ते कळतच नाही. म्हणून खिशात छोटी वही ठेवा. तारीख, आत जायची वेळ, बाहेर यायची वेळ, सुपरवायझरचं नाव. रोजच्या रोज लिहिलेलं असलं तर त्याला वजन येतं, महिन्याच्या शेवटी आठवून भरलेलं लगेच ओळखू येतं. पंचिंगच्या मशीनवर वेळ दिसत असेल तर फोटो काढा, पण मोबाइल आत नेऊ देत नसतील तर वहीच बरी. आणखी एक: ओटीच्या पैशांवर पीएफ कापत नाहीत.

खाड्याचा खरा खर्चही मांडून बघा. 577 रुपये गेलेच. वर 500 चा हजेरी बोनस असेल तर तोही एका खाड्याने जातो. म्हणजे पहिला खाडा हजाराच्या वर पडतो, दुसरा 577 ला. गावी जायचंच असेल तर दोन महिन्यांत एक-एक दिवस मोडण्यापेक्षा एकाच महिन्यात दोन दिवस मोडलेले स्वस्त.

पीएफ भरला का

ठेकेदाराने मागच्या महिन्याचा पीएफ 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. 20 तारखेनंतर नोंदलेल्या मोबाइलवरून 9966044425 ला मिस्ड कॉल द्या, शिल्लक मेसेजने येते. पासबुक उघडलं तर वरच्या पगाराला तीन आकडे दिसायला हवेत: तुमचे 1,560, मालकाचे 477 आणि मालकाच्याच वाट्यातून पेन्शन खात्यात गेलेले 1,083. स्लिपवर कापले आणि पासबुकात नाहीत, तर दोन महिने थांबू नका.

नेहमी घोळ होतो तो तीन ठिकाणी. कामाला लागताना फॉर्मवर ठेकेदाराच्या पोराचाच मोबाइल नंबर टाकलेला असतो आणि ओटीपी त्याला जातो. नाव आधारवर एक आणि पीएफमध्ये दुसरं असतं. वडिलांच्या नावातली एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी दावा परत येतो. आणि नवा ठेकेदार जुना यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) न विचारता नवाच काढतो. कंपनी तीच, मशीन तेच, पण सहा-अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलतो आणि खात्यांचे तुकडे होतात. पेन्शनला एकूण 10 वर्षांची सेवा लागते, ती जोडली तरच भरते. म्हणून 12 आकडी यूएएन पाठ करा, नव्या जागी आधी तोच द्या आणि जुनं खातं ट्रान्सफर करा. आधारला जोडलेलं सिम रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका. इथे वाचवलेले पैसे पुढे फार महागात पडतात.

ईएसआय: कार्ड हातात घ्या

महिना 21,000 पर्यंत पगार असेल तर ईएसआय लागतो. लागल्यापासून दहा दिवसांत नोंदणी व्हायला हवी. नंबर मागून घ्या आणि घरच्यांचीही नावं घाला, कारण आई-वडील आणि बायको-मुलांचे उपचार त्यातच होतात. पुण्याकडे बिबवेवाडी आणि चिंचवडचं मोहननगर इथे ईएसआयची रुग्णालयं आहेत. रांग मोठी असते हे खरं, पण खासगीत एका डेंग्यूला दोन पगार जातात.

आजारपणाच्या रजेचे पगाराच्या 70 टक्के मिळतात, वर्षात 91 दिवसांपर्यंत. त्यासाठी आधीच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो. म्हणजे मधेच ब्रेक मिळाला तरी कार्ड लगेच निकामी होत नाही. बरेच जण ते फेकून देतात.

प्रेस शॉपमध्ये काम असेल तर हे नीट लक्षात ठेवा. पॉवर प्रेसमध्ये बोट सापडलं की ठेकेदार गाडीतून जवळच्या खासगी दवाखान्यात नेतो, बिल भरतो, वर पाच हजार हातावर ठेवतो आणि अपघाताची नोंद होत नाही. पाच हजारांसाठी पुढचं सगळं हातचं जातं. नोंद झाली तर बरं होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के आणि कायमचं अपंगत्व आलं तर महिन्याला भत्ता मिळतो. अपघाताला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, त्याला 78 दिवसांची अट नाही. केसपेपरवर "कंपनीत मशीनवर लागलं" हे शब्द लिहून घ्या. "घरी पडला" लिहिलं की केस संपली.

खोली, मेस आणि गॅस

आता हातात आलेले 12,867. खोली 7,000 ची आणि चौघे असाल तर प्रत्येकी 1,750. डिपॉझिट कुणी किती दिलं ते एका कागदावर चौघांच्या सह्यांनी लिहा; एक जण निघून गेला की वाद तिथेच होतो. खोली बघताना भाड्याआधी वीज विचारा. सबमीटर लावून मालक महावितरणच्या दरापेक्षा जास्त युनिटदर घेतात, त्यात 500 कमी भाड्याची खोली महाग पडते.

मेस की हाताने? जनरल शिफ्टवाल्याला मेस परवडते. सेकंड शिफ्टवाला रात्री बारा-एकला येतो, तेव्हा डबा आंबलेला असतो आणि तो पुन्हा अंडाभुर्जीच्या गाडीवर जातो, म्हणजे एका जेवणाचे दोनदा पैसे. मेस लावताना खाडे किती दिवसांपासून वजा होतात ते आधीच विचारा. बऱ्याच ठिकाणी सलग चार दिवस असतील आणि आधी सांगितलं असेल तरच वजा करतात.

चौघे मिळून करणार असाल तर 5 किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. दोन वेळच्या स्वयंपाकाला तो 10 ते 12 दिवस चालतो, कुकर वापरला तरच. चौघांना एका वेळी 200 ग्रॅम डाळ आणि अर्धा किलो तांदूळ पुरतो. ज्वारीच्या एक किलो पिठाच्या दहा-बारा भाकरी होतात. मटकी, चवळी रात्री भिजत घाला, गॅस निम्मा लागतो. स्वयंपाकाची पाळी मात्र शिफ्टच्या चार्टवरून लावा, वारावरून नको. नाईट करून आलेल्याला सकाळी कणीक मळायला लावलं की आठ दिवसांत चुली वेगळ्या होतात.

गावच्या प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डात नाव असेल तर तुमच्या वाट्याचं माणशी 5 किलो धान्य इथल्या दुकानातही आधारच्या अंगठ्यावर मिळतं. उरलेल्या घरच्यांचं ते गावी घेतात. सध्या ते मोफत आहे. दुकानदार "दुसऱ्या गावचं कार्ड चालत नाही" म्हणाला तर ते चुकीचं आहे.

उचल आणि शेकडा

ठेकेदाराची उचल बिनव्याजी असते, पण ती असेपर्यंत काम सोडता येत नाही आणि ओटीचे तासही विचारवत नाहीत. घ्यायचीच असेल तर किती हप्त्यांत कापणार ते लिहून घ्या. सगळं मिळून कटिंग पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही.

शेकडा दहाने घेतलेल्या 10,000 चे महिन्याला 1,000 व्याज जातं, म्हणजे जवळजवळ दोन दिवसांची मजुरी, आणि मुद्दल तसंच राहतं. घरात दोन-तीन ग्रॅम सोनं असेल तर बँकेतलं सोनेतारण याच्या कितीतरी खाली पडतं.

काम सुटताना

दर महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत यायला हवा. ठेकेदार पळाला किंवा टाळाटाळ करतो, तर मूळ कंपनी जबाबदार असते. आधी तिच्या एचआरला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, मग कामगार आयुक्त कार्यालयात जा. वर्षात 30 दिवस काम केलं असेल तर बोनसचा हक्क तयार होतो, 8.33 टक्क्यांच्या खाली नाही. दिवाळीआधी सोडलं म्हणून तो बुडत नाही.

पीएफमध्ये सोडल्याची तारीख ठेकेदाराने भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः टाकता येते. गेटपास जमा करण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. स्लिपा आणि वहीची पानंही त्यात घ्या आणि सगळं घरच्या एखाद्याच्या फोनवर पाठवून ठेवा, कारण चौघांच्या खोलीत सगळ्यात आधी चोरीला जातो तो मोबाइलच.