लिंक्ड लिस्ट आधी कागदावर चालवा
लिंक्ड लिस्ट म्हणजे प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता ठेवणारी यादी. तिचा प्रोग्राम अडला की बरेच जण ओळी वरखाली करून पुन्हापुन्हा रन करत बसतात. त्यापेक्षा कागद घ्या. नोडला (यादीतल्या एका नोंदीला) चौकोन, पॉइंटरला (नोडच्या पत्त्याला) बाण. कोडची एक ओळ वाचायची, तेवढाच बाण खोडून नवा काढायचा.

समजा, १० आणि ३० यांच्यामध्ये २० घालायचा आहे. आधी २० चा बाण ३० कडे न्या, मगच १० चा २० कडे वळवा. क्रम उलटा झाला की ३० चा पत्ता हातून गेलाच. त्यावर २० च्या नेक्स्टमध्ये (पुढच्या नोडचा पत्ता ठेवायच्या जागेत) १० चा नेक्स्ट भरलात, तर २० स्वतःकडेच बोट दाखवतो आणि प्रिंटचा लूप थांबायचं नावच घेत नाही. (स्क्रीनभर २०, २०, २० दिसले की घोळ बहुधा इथेच.)

चित्र जमलं की तोच कोड रिकाम्या लिस्टवर आणि एकाच नोडच्या लिस्टवरही चालवून बघा. हेड (पहिल्या नोडकडचा पॉइंटर) नल, म्हणजे रिकामा, आहे का हे न तपासता त्याचा नेक्स्ट वाचला, तर सी भाषेत सहसा सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्राम बंद पडतो. नोड काढताना, फ्री करण्याआधी (म्हणजे त्याची मेमरी परत देण्याआधी) त्याचा नेक्स्ट दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवून घ्या.