काळ्या मातीच्या बागेत काचेच्या खड्यांचं आच्छादन कसं करावं

मराठवाड्यात बाग राखायची म्हणजे आधी पाणी राखायचं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. ते दिवस ज्यांनी काढले, त्यांना बादलीभर पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. उघड्या मातीला दिलेलं पाणी मे महिन्यात बघता बघता उडून जातं, म्हणून आच्छादन हवंच.

भाजीच्या वाफ्यात आणि फळझाडांच्या आळ्यात सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचटच घाला. ते कुजून मातीचं पोट भरतं. काच मातीला काही देत नाही. पण ती कुजत नाही, वाऱ्याने उडत नाही, तिला वाळवी लागत नाही. अंगणातली पायवाट, निवडुंग-कोरफडीचा कोपरा, बोगनवेलीचा वाफा, मोठ्या कुंड्या, अशा वर्षानुवर्षं न खणायच्या जागी ती फार उपयोगी पडते. शिवाय भंगारात साचलेल्या बाटल्या मार्गी लागतात. कडुनिंब किंवा चिंचेखाली मात्र टाकू नका. चिंचेची बारीक पानं खड्यांच्या फटीत कुजतात, त्याचीच माती होते आणि तिच्यात तण उगवतं.

काच कोणती?

सरबत, सॉस, बिअरच्या साध्या बाटल्यांची काच चालते. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, जुन्या डबा टीव्हीच्या काचेत शिसं असतं. ही काच बागेत अजिबात नको. आरसे, गाडीच्या पुढच्या काचा आणि कीटकनाशकांच्या बाटल्याही बाजूला काढा.

कडा घासून बोथट केलेली काच ‘टंबल्ड ग्लास’ या नावाने विकत मिळते, ती घेणं सगळ्यात बरं. गोणपाटात बाटल्या घालून हातोड्याने फोडल्या तर धारदार तुकडे आणि बारीक चुरा मिळतो. तो तसाच पसरणं म्हणजे लेकरांच्या अनवाणी पायांशी खेळ. घरची काच वापरायचीच असेल, तर बांधकामावरच्या काँक्रीट मिक्सरमध्ये तुकडे, जाड वाळू आणि पाणी घालून फिरवा, मधूनमधून मिक्सर बंद करून कडा तपासा. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क, हातात जाड हातमोजे हवेतच. मग मूठभर खडे जुन्या सुती कापडात धरून चोळा. एक जरी धागा ओढला गेला, तर अजून फिरवायला हवेत. शेवटी चाळून १० ते २० मिलिमीटरचे खडे ठेवा आणि धुऊन घ्या. धुतलेलं पाणी नालीत न सोडता खड्ड्यात निवळू द्या.

किती लागेल?

एक चौरस मीटरवर ५ सेंटिमीटर थर द्यायला सुमारे ५० लिटर, म्हणजे साधारण ७० किलो काच लागते. बादली अर्धीच भरून उचला; वजनाचा अंदाज चुकतो आणि कंबर धरते.

जमीन तयार करणं

सगळं यश इथे आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एप्रिल-मे मध्ये भेगाळलेल्या जमिनीवर खडे टाकले तर ते भेगांत उतरतात आणि पुढच्या पावसात गडप होतात. म्हणून पाऊस संपला, वाफसा आला, की दिवाळीच्या सुमारास हे काम घ्या. जमिनीतली ओलही त्यामुळे झाकली जाते.

आधी हरळी मुळासकट आणि लव्हाळा खालच्या गाठींसकट काढा. लव्हाळ्याचं टोक कापडालाही भोक पाडून वर येतं, त्यामुळे इथे आळस नको. जमीन ५ ते ७ सेंटिमीटर खोल करून सपाट करा. पायवाट असेल तर मुरूम टाकून धुम्मस मारा. कडेला विटा किंवा शहाबादी फरशीच्या पट्ट्या उभ्या गाडा, नाहीतर खडे अंगणभर होतात.

मग पाणी झिरपणारं जाड जिओटेक्सटाइल कापड अंथरा. प्लास्टिकचा कागद नको. त्यातून पावसाचं पाणी मातीत जात नाही. जोडावर एक वीत कापड एकावर एक येऊ द्या. ठिबकची नळी कापडावर, काचेखाली टाका. बोअरच्या जड पाण्याने ड्रिपर चोंदतात, म्हणून प्रत्येक ड्रिपरशेजारी खुणेचा दगड ठेवा आणि नळीचं टोक धुण्यासाठी मोकळं ठेवा.

आता खडे पसरा, दाताळ्याने सारखे करा. खोडापासून १०-१५ सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. तापलेले खडे कोवळ्या खोडाला टेकायला नकोत. पश्चिमेच्या भिंतीलगत दुपारचं ऊन भिंतीवरून आणि काचेवरून दोन्हीकडून येतं. तिथे निवडुंग तग धरतो, मोगरा करपतो.

नंतरची देखभाल

पाचोळा खराट्याने हलक्या हाताने काढा. वाऱ्यावर आलेलं गाजर गवत वरच्या धुळीत रुजतं, ते फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटा. बोअरच्या क्षारांनी खडे पांढरे पडले तर पहिल्या मोठ्या पावसात बरेच धुऊन निघतात.

पुढे कधी तिथे भाजी लावायची झाली, तर फावड्याने खडे गोळा करा, उरलेले कापडासकट उचला, चाळा आणि दुसरीकडे वापरा. कापडाशिवाय टाकलेली काच काळ्या मातीतून पूर्ण निघत नाही, आणि त्या वाफ्यात खुरपं चालवणाऱ्याचा हात कापतो.