गावठी तांदूळ: घेताना काय बघायचं, सडताना आणि शिजवताना काय जपायचं

तांदळाच्या पोषणात जातीच्या नावापेक्षा सडणीचा, म्हणजे भाताचं तूस (टरफल) आणि कोंडा काढण्याचा, वाटा मोठा. तूस निघालं की दाण्यावर कोंड्याचा पातळ थर आणि टोकाला अंकुर राहतो. ब१ जीवनसत्त्व, लोह, जस्त आणि तंतू यांचा बराचसा साठा तिथेच असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या अन्नघटक तक्त्यांत १०० ग्रॅम कच्च्या तांदळातलं ब१ बिनपॉलिश दाण्यात ०.२७ मिलिग्रॅम, उकड्यात ०.१७ आणि पांढऱ्यात ०.०५ आहे. भात तुसासकट भिजवून उकडताना कोंड्यातलं ब१ दाण्यात उतरतं, म्हणून उकडा मधोमध येतो. प्रथिनांत मात्र फरक किरकोळच: बिनपॉलिशमध्ये ९ ग्रॅम, पांढऱ्यात ८ च्या आसपास.

मग जातीजातींत फरक कुठे पडतो? एक रंगात. सिंधुदुर्गातल्या वालय, मुणगा या जातींचा लाल रंग कोंड्यातच असतो. पूर्ण पॉलिश केलं की वालयसुद्धा पांढराच. काळभाताच्या नावाने हमखास फसगत होते. त्याचं टरफल काळं, आतला तांदूळ पांढरा, त्यामुळे काळ्या तांदळाचे गुण त्यात शोधू नयेत. दुसरा फरक पिष्टाचा. ज्यात अमायलोज हा पिष्टाचा घटक कमी, तो भात मऊ, चिकट आणि पचायला जलद. अमायलोज जास्त तो मोकळा आणि साखर जरा सावकाश चढवणारा. आंबेमोहोर किंवा आजरा घनसाळ सुवासासाठी जरूर घ्या, पण वासावरून लोहाचा अंदाज बांधू नका.

भात घरचा असेल तर गिरणीत रबर रोलरवर फक्त तूस काढून घ्या, पॉलिशरला लावू देऊ नका. जुन्या लोखंडी हलरमध्ये तूस आणि कोंडा एकत्र निघतो, दाणाही फार तुटतो. सडण्याआधी भातात ओल १४ टक्क्यांच्या आसपास हवी. जास्त वाळलेला भात तडकून कणी वाढते.

विकतचा लाल तांदूळ ओल्या बोटांत चोळा. लगेच भडक रंग सुटला तर तो वरून लावलेला असण्याची शंका घ्या. दाणा तोडल्यावर आत पांढराच दिसायला हवा. काळ्या तांदळाची गोष्ट वेगळी, तो पाण्यात जांभळा रंग सोडतोच. त्या पाण्यात लिंबू पिळल्यावर ते गुलाबी-लाल झालं तर रंग अस्सल.

कोंड्यात तेल असतं, म्हणून बिनपॉलिश तांदूळ काही महिन्यांतच खवट होतो. वर्षाचा साठा तुसासकट ठेवा आणि एक-दोन महिन्यांपुरताच सडून आणा. आणलेला डबा उघडताच जुन्या तेलासारखा वास आला तर धुऊन तो जात नाही.

लाल तांदूळ एकदाच हलक्या हाताने धुऊन ६ ते ८ तास भिजवा. उन्हाळ्यात पाणी मध्ये एकदा बदला, नाहीतर आंबूस वास येतो. एक वाटीला अडीच वाट्या पाणी घालून कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर १५ ते २० मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. न भिजवता लावलात तर कोंडा पाणी आत घेऊ देत नाही. दाणा बाहेरून फुटतो, मधे कणी राहते. मग लोक शिट्ट्या वाढवतात आणि बाहेरचा लगदा होतो. काळा तांदूळ मोजलेल्या पाण्यातच भिजवून त्याच पाण्यात शिजवा. पेज ओतून टाकू नका, पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं तिच्यातच उतरतात.

लाल तांदूळ खाल्ला म्हणून त्यातलं सगळं लोह अंगी लागतं असं नाही. कोंड्यातलं फायटिक आम्ल आणि लाल रंगातली द्रव्यं लोह धरून ठेवतात. भिजवल्याने हा अडसर थोडाच कमी होतो. जेवणात लिंबू किंवा आवळा असू द्या, आणि चहा तास-दीड तासाने घ्या. मधुमेह असेल तर मात्र रंगावर विसंबू नका: १०० ग्रॅम कच्च्या तांदळात, कुठलाही असो, साधारण ७५ ग्रॅम कर्बोदकं असतातच. वाटी मोजूनच घ्यावी लागते.