खाणं कमी झालं, पण भूक कमी झाली का?

भुकेच्या मेंदूरसायनांवर काम करायला येणारा विद्यार्थी नावं पाठ करून येतो, आणि ती लागतातच. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडच्या भागात आर्क्युएट केंद्रक नावाचा चेतापेशींचा पुंजका असतो; त्यातले एजीआरपी न्यूरॉन खायला लावतात, शेजारचे पीओएमसी न्यूरॉन आवर घालतात. १९९४ साली सापडलेलं लेप्टिन हे संप्रेरक चरबीच्या साठ्याची खबर दोघांनाही देतं. प्रयोग मात्र बहुतेक वेळा तराजूवर फसतो.

छोटा उंदीर दिवसाला साधारण ३ ते ५ ग्रॅम खातो. अर्धा ग्रॅम चुरा भुशात सांडला आणि तो ‘खाल्ला’ म्हणून धरला, की औषधाचा परिणाम त्यातच बुडतो. म्हणून तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, पिंजऱ्यात एकच प्राणी हवा, आणि दर मोजणीला भुसा चाळून चुरा वेगळा तोलायला हवा. चुरा मुताने भिजला असेल तर आधी वाळवा.

वेळही तितकीच महत्त्वाची. उंदीर मुख्यतः अंधारात खातात. भूक मारणारं रसायन दिवे मालवायच्या तोंडावर द्या. दुपारी दिलंत तर मुळात खाणंच नसतं, कमी काय होणार? घ्रेलिनसारखं भूक चेतवणारं रसायन याउलट उजेडात, पोटभर खाल्लेल्या प्राण्याला द्यावं.

टोचण्याच्या भीतीनेही खाणं घटतं. आठवडाभर नुसतं सलाइन टोचून सवय करा. सलाइनच्या दिवसाचा आकडा न टोचलेल्या दिवसाइतका आला, की मगच औषध. मेंदूच्या पोकळीत बसवलेल्या नळीतून द्यायचं असेल तर द्रव हळू सोडा आणि सुई मिनिटभर तशीच ठेवा, नाहीतर तो नळीतून वर येतो. नळी जागेवर आहे का, हे तहान लावणारं अँजिओटेन्सिन-२ सांगतं: नळी बरोबर बसली असेल तर रॅट (मोठा उंदीर) काही मिनिटांतच पाण्यावर तुटून पडतो.

सर्वांत मोठा धोका मळमळीचा. रॅटला उलटी करता येत नाही, त्यामुळे त्रास दिसत नाही, फक्त खाणं घटलेलं दिसतं. पिंजऱ्यात केओलिन माती ठेवा. मळमळणारा रॅट ती खातो. तुलनेसाठी एका गटाला मळमळ आणणारं लिथियम क्लोराइड द्या.

शिवाय खाणं थांबल्यावर प्राण्याकडे नीट बघा. तृप्त उंदीर पुढच्या पायांनी तोंड पुसतो, अंग चाटतो आणि मग झोपतो. आजारी पडलेला तोंड न पुसताच कोपऱ्यात पसरतो. हे वर्तन मिनिटामिनिटाने नोंदवलेलं नसेल, तर ‘भूक कमी झाली’ असं लिहू नका. ‘खाणं कमी झालं’ एवढंच लिहा.